विशाखा तशी नव्हती

विशाखा गेल्याचं तिच्या मावसभावाने सकाळी फोन करून सांगितलं. डेंग्यू झालाय हे मला ठाऊक होतं, आदल्या आठवड्यात हॉस्पिटलात जाऊन तिला भेटूनही आले होते. "पेशंटचे प्लेटलेट्स वाढतायत, नातेवाइकांनी गर्दी करू नये," असं तिनेच मला सुनावलं होतं, वॉर्डातल्या नर्सच्या आवाजात आणि नर्ससमोर. नर्सही हसली होती. मग एकाएकी बिघडलं... आतल्या आत रक्तस्राव झाला, आणि संपलं. मी फोन ठेवून कपडे बदलायला उठले, तोवर दुसरा फोन आला. आम्ही दोघींनी ज्या सिनेमात काम केलं, त्याच्या प्रॉडक्शनमधला माणूस. "शुभांगी, खरं आहे का गं?" मी म्हटलं, हो. त्याने आवाज खाली आणला आणि म्हणाला, "म्हणजे... तिने स्वतःच काही केलं का?"

मी म्हटलं, "तिला डास चावला."

दुपारपर्यंत हा प्रश्न मला निरनिराळ्या माणसांनी विचारला. कुणी सरळ विचारला, कुणी आडून. स्मशानात भन्तेजी त्रिसरण पंचशील म्हणत होते आणि मागे एक वार्ताहर मुलगी माझ्या कानाशी लागून विचारत होती, "मॅम, त्या डिप्रेशनमध्ये होत्या ना?" तिचा तरी काय दोष... तिने सिनेमा पाहिला होता. पंधराएक वर्षांपूर्वी विशाखाने पडद्यावर एका मुलीचं काम केलं, जिला जगायचं नव्हतं. तेव्हापासून ती तशीच आहे, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. आता ती गेली, तर सगळ्यांना वाटलं, शेवट जुळला. या पुरवणीच्या संपादकांनी मला 'काहीतरी हळवं' लिहायला सांगितलंय. ते मला जमणार नाही, हे मी त्यांना कळवलंय. सिनेमाचं नावही मी लिहिणार नाही. त्याची पुरेशी जाहिरात झाली आहे.

आमची ओळख कॉलेजातली, परळची. मी लालबागची, आमची चाळ सगळी कोकणातल्या लोकांची, ती नायगावची. तिचे वडील पोस्टात, आई म्युनिसिपल हॉस्पिटलात स्टाफ नर्स. दोघांच्या नोकऱ्या, घरात पुस्तकं, भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, रविवारी मटण, आणि जेवताना सगळे एकाच वेळी बोलणारे. इतकं हसरं घर मी दुसरं पाहिलं नाही. आमच्या घरी आली की विशाखा माझ्या आईची मालवणी कान देऊन ऐकायची आणि पुढच्या खेपेला तीच मालवणी आईला परत ऐकवायची. "अगो, ह्या चेडू आमच्याच गावचा दिसता," आई म्हणायची, आणि विशाखा आईच्याच आवाजात, कमरेवर हात ठेवून, "मगे? सोलकढी खंय आसा?" आई हसून हसून भिंतीला टेकायची. एकांकिका स्पर्धेत विशाखाने खाष्ट म्हाताऱ्या घरमालकिणीचं काम केलं होतं, वय वर्षं एकोणीस. टाळ्या थांबेनात म्हणून तिला पुढचं वाक्य दोनदा सुरू करावं लागलं. तिचा पिंड विनोदाचा होता. हे मी मुद्दाम ठळक लिहिते आहे, कारण हे कुठेच छापून आलेलं नाही.

ती शिकली ते पपांकडे, म्हणजे तिच्या वडिलांकडे. त्यांच्या चाळीत जयंतीच्या दिवसांत नाटकं व्हायची, ती पपा बसवायचे. लहानग्या विशाखाला स्टेजवर उभं करून ते स्वतः पार मागे, गर्दीच्या शेवटी जाऊन थांबायचे. आवाज पोचला नाही की खिशातला रुमाल वर धरायचे. रुमाल दिसला की हिने ओरडायचं नाही, शब्द सुटा करायचा. ओरडली तर घरी गेल्यावर पुन्हा सगळं म्हणून दाखवायचं. पुढे तिच्या आवाजातली कुजबुज शेवटच्या रांगेला ऐकू जायची, तेव्हा लोक त्याला 'देणगी' म्हणायचे. मला तो रुमाल आठवायचा.

सिनेमा तिला एका प्रायोगिक नाटकामुळे मिळाला. गोष्ट दोघांची. मुलगा बिल्डरचा, गर्दच्या व्यसनातून नुकताच बाहेर आलेला. मुलगी दादरच्या प्राध्यापकांची, हिंदू कॉलनीत वाढलेली, दोनदा जीव द्यायला निघालेली. दोघं समुपदेशन केंद्रात भेटतात, प्रेमात पडतात, एकमेकांना सावरायला बघतात. मुलगा शेवटी परत व्यसनात जातो. मुलगी त्याला सोडून निघते आणि जगते. मी त्या सिनेमात कपडेपटाची सहायक होते. माझं काम कंटिन्युइटीचं. आधीच्या शॉटमध्ये बाही कुठवर दुमडली होती, ओढणी कोणत्या खांद्यावर होती, बटणं किती लावलेली होती, ते लक्षात ठेवायचं आणि पुढच्या शॉटला तसंच करायचं. त्यामुळे मी तिच्याकडे जितकं जवळून पाहिलं, तितकं बहुधा कॅमेऱ्यानेही पाहिलं नसेल.

ती मुलगी विशाखासारखी कुठूनही नव्हती. विशाखा भरभर चालायची, ती मुलगी चालताना जागा कमी व्यापायची. विशाखाचं वाक्य शेवटी वर चढायचं. त्या मुलीचं शेवटच्या शब्दावर विझायचं. हे तिने कुठून आणलं? कॉलेजात आमच्या वर्गात हिंदू कॉलनीतली एक मुलगी होती, फार हळू बोलणारी. विशाखाने तिला शोधून काढलं, तिच्या घरी जाऊन बसायला लागली. मोलकरणीने पाण्याचा पेला दिला तर ती 'थँक यू' म्हणते, पण तिच्याकडे बघत नाही... असल्या गोष्टी ती मला येऊन करून दाखवायची. मग तिने आईला गळ घातली आणि मानसोपचाराच्या ओपीडीबाहेरच्या बाकड्यावर जाऊन बसायला लागली, नुसती. एक दिवस मला म्हणाली, "शुभे, तिथे कुणी रडत नाही गं. केसपेपरच्या घड्या घालतात, उलगडतात, परत घालतात. रडतात ती बरोबर आलेली माणसं." या तयारीत तिचे सहा महिने गेले. दिग्दर्शकाला तिने यातलं काही सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही.

रे रोडला लाकडाच्या वखारीमागे एका जुन्या गोदामाची गच्ची होती. तिथे तो प्रसंग चित्रित झाला, जो आता सगळेजण मोबाइलवर एकमेकांना पाठवतायत. मुलगा वेळेवर येत नाही. येतो तेव्हा नशेत आहे, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. तिला कळतं. संहितेत तिला एक लांबलचक भाषण होतं. तिने लेखकाला बाजूला घेऊन सांगितलं, "एवढं बोलणारी मुलगी मरायला निघत नाही. मला फक्त बटणं लावू द्या." तिने त्याच्या शर्टाची बटणं खालून सोडवत आणली आणि एकेक करून नीट लावली. मधल्या बटणावर तिचा श्वास अडकला. ती म्हणाली, "जेवलास?" आणि मग डोळ्यांतून पाणी आलं. त्यानंतर नायकासाठी, प्रकाशासाठी, समुद्रावरून आलेल्या भोंग्यासाठी, असे कितीतरी टेक झाले. प्रत्येक टेकच्या आधी मी ती बटणं परत वरखाली लावत होते, आणि प्रत्येक टेकला श्वास त्याच बटणावर अडकत होता, पाणी त्याच शब्दानंतर येत होतं. माझं कामच ते बघण्याचं होतं. ज्याला आतून उमाळा येतो, त्याला तो हुकमी असा येत नाही. ते तिने बांधलेलं होतं, गवंड्याने भिंत बांधावी तसं.

आणि मधल्या वेळात ती काय करत होती? भेळ खात होती. नायकाबरोबर आलेल्या अंगरक्षकाची नक्कल करून लाइटवाल्यांना हसवत होती. दिग्दर्शक वैतागून आला. "विशाखा, प्लीज. मूड जातो." ती तोंडातली भेळ गिळून म्हणाली, "तुमचा जातो सर. माझा कॅमेरा सुरू झाला की येतो." तो हसला नाही. मला वाटतं, त्याला ते आवडलंच नाही कधी. त्याला एक दुखावलेली मुलगी सापडलेली हवी होती. काम जाणणारी बाई त्याने मागितली नव्हती.

सिनेमा चालला, गाजला. नायक एका मोठ्या नटाचा मुलगा. त्याने दोन आठवडे व्यसनमुक्ती केंद्रात काढले होते, वजन उतरवलं होतं. ते सगळीकडे छापून आलं. त्याची मेहनत, त्याचा अभ्यास, त्याने स्वतःला कसं झोकून दिलं. तिच्याबद्दल एकच शब्द फिरत राहिला, सहज. किती सहज! वाटतच नाही अभिनय करते आहे! मग दिग्दर्शकाने एका मुलाखतीत सांगितलं की, मी तिला चाळीतून शोधून काढलं, तिला शिकवावं लागलं नाही, ते दुःख तिच्याकडे होतंच. तिथून पुढे सगळ्यांना वाट सापडली. एका चॅनेलवरच्या बाईने तिला माझ्यासमोर विचारलं, "लहानपणी घरात दारू वगैरे... सांगायला आवडेल का?" विशाखा म्हणाली, "घरात पपा होते. ते पोस्टात होते. डबा विसरून जायचे, एवढाच त्रास होता." ते दाखवलं नाही. मोठा पुरस्कार नायकाला मिळाला, तिला विशेष उल्लेख. मानपत्रात पुन्हा तेच, नैसर्गिक.

तिला खरोखर संतापलेली मी एकदाच पाहिली, त्या समारंभानंतर, गिरगावात एका खानावळीत. समोरचं ताट तसंच होतं. "त्याने दोन आठवडे काढले तर ती मेहनत," ती म्हणाली. "मी सहा महिने एका भलत्याच बाईसारखी बोलायला, चालायला शिकले, तर म्हणे ते माझ्या रक्तातच आहे. रक्तात असतं तर पपा इतकी वर्षं मागे रुमाल घेऊन कशाला उभे राहिले असते?" मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले. तिने हात वर केला. "शुभे, ती मुलगी हिंदू कॉलनीतली होती. प्राध्यापकाची पोर. माझ्या घरात तसलं कुणी आहे का? पण मी नायगावची म्हटल्यावर त्यांना पडद्यावर नायगावच दिसलं. त्यांनी सिनेमा बघितलाच नाही. माझं आडनाव बघितलं." मग तिने ताट ओढलं आणि जेवली. त्या विषयावर ती पुन्हा माझ्याशी बोलली नाही. हेच काम हिंदू कॉलनीतल्या खऱ्या मुलीने केलं असतं, तर त्याला अभ्यास म्हटलं गेलं असतं, यात मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही.

पुढची वर्षं सांगण्यासारखी आहेत, पण सांगवत नाहीत. मी ते क्षेत्र सोडलं, नोकरीला लागले. तिने सोडलं नाही. दारुड्याची बायको, पळवून नेलेल्या मुलीची आई, पोलीस ठाण्याच्या बाकावर बसलेली बाई, आणि मालिकांमध्ये रडणं. सेटवर मेकअपवाले म्हणायचे, "ताई, तुम्हाला ग्लिसरीन नको ना? तुम्हाला येतंच." ती म्हणायची, "येत नाही रे, आणते." त्यांना तो विनोद वाटायचा. तिला फार्स करायचा होता. निर्मात्यांकडे गेली की ते चहा पाजायचे आणि म्हणायचे, तुमचा चेहरा दुःखाचा आहे हो. शेवटी गिरगावातल्या एका हौशी मंडळाच्या विनोदी नाटकात तिने बिनपैशाचं काम घेतलं, विसराळू मास्तरीण. लोक खुर्च्यांवर मागेपुढे होऊन हसत होते. एक निर्माता तिच्या आग्रहाने आला होता. प्रयोगानंतर आत येऊन म्हणाला, "छानच. पण खरं सांगू का? तुम्हाला असं बघताना गलबलून येतं. इतकं सोसून हसवताय..." ती त्याला "आभारी आहे" म्हणाली. तो गेल्यावर आरशासमोर बसून मेकअप पुसत राहिली. पुसून झाला तरी पुसत होती.

ती गेल्यानंतर काही आठवड्यांनी दादरला एका सभागृहात शोकसभा झाली. दिग्दर्शक आता मोठा माणूस आहे, तरी आला. नायकही आला. पडद्यावर गच्चीचा प्रसंग दाखवला. अंधारात मला माझी बटणं दिसली, वरखाली लावलेली. दिवे लागले तेव्हा दिग्दर्शक डोळे पुसत माइकपाशी गेला आणि म्हणाला, "हा अभिनय नव्हता. विशाखा अभिनय करूच शकत नव्हती. ती फक्त खरी होती." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खुर्चीचा दांडा धरून बसले होते. मग सूत्रसंचालकाने तिच्या आईला, काकींना, दोन शब्द बोलायची विनंती केली. ठरलेलं नव्हतं. काकी उठल्या. पांढरी साडी, पाठ ताठ, वॉर्डात राउंड घेताना असायची तशी. माइक त्यांनी हातात घेतला नाही, स्टँडवरच राहू दिला.

"मी हॉस्पिटलात नोकरी केली," काकी म्हणाल्या. "दुःखी माणसं मी रोज बघितली आहेत. माझी मुलगी दुःखी नव्हती. आता तुम्ही जी बघितली, ती माझी मुलगी नाही. माझी मुलगी अशी रडत नव्हती. ती रडली की नाक लाल व्हायचं, हुंदके यायचे, फार वाईट दिसायची. ही वेगळी कुणीतरी मुलगी आहे. माझ्या मुलीने ती तयार केली होती. त्यासाठी ती आमच्या ओपीडीत येऊन बसायची, उन्हाची. ते काम होतं तिचं. कामाला काम म्हणा, एवढंच माझं म्हणणं आहे." आणि खाली येऊन बसल्या.

क्षणभर शांतता होती. मला वाटलं, पोचलं... मग टाळ्या सुरू झाल्या, लोक उभे राहिले, बऱ्याच जणांचे डोळे भरलेले. नायक धावत आला, काकींच्या पाया पडला, त्यांचे हात धरून म्हणाला, "काकी, काय बोललात! अगदी आतून. आता कळलं, विशाखामध्ये ते कुठून आलं होतं." दिग्दर्शक माझ्या शेजारच्या माणसाला हळूच म्हणाला, "बघितलंस? कसलीच तयारी नाही. हेच मी म्हणत होतो." दुसऱ्या दिवशी बातम्यांमध्ये काकींचा फोटो होता, शोकाकुल माता म्हणून. त्या काय बोलल्या, त्यातलं एक वाक्यही नव्हतं.

गेल्या रविवारी दुपारी मी नायगावला गेले. पपा आधीच गेलेले, घरात आता काकी एकट्याच. जेवण झालं, मागचं आवरलं, आणि काकी पलंगावर बसून मोबाइल काढून म्हणाल्या, "ऐकतेस? मी रोज एक ऐकते. जास्त ऐकत नाही, संपतील." विशाखा शूटिंगच्या गावाहून त्यांना आवाजाचे निरोप पाठवायची, एकटीला करमावं म्हणून. त्या दिवशीच्या निरोपात ती काकींचीच नक्कल करत होती, दारावर आलेल्या मासेवालीशी हुज्जत घालणाऱ्या काकींची. "ही सुरमई आहे? हिला मी ओळखते, काल पण हीच आली होती." काकी पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मीही हसले. हसताना काकींनी माझा हात घट्ट धरला होता. मी म्हटलं, "काकी, हे लोकांना ऐकवायला पाहिजे. ती अशी होती हे कळेल तरी." काकींनी मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला. "नको," त्या म्हणाल्या. "यातही त्यांना दुःखच ऐकू येईल." मग काही आठवल्यासारखं त्यांनी मोबाइल परत सुलटा केला. "थांब, अजून आहे. पुढचं ऐक." निरोप संपला नव्हता. गावाकडची कुठलीतरी खोली, पंख्याची घरघर, कोपऱ्यात बादली सरकवल्याचा आवाज. विशाखाने घसा खाकरला आणि आपल्या स्वतःच्या आवाजात म्हणाली, "नाही गं आई, 'काल पण' वर तू थांबतेस. मी घाईत बोलले. परत करते हां."

आणि तिने परत केलं.